घाटावरच्या देवीला आवतण

त्या वर्षी माझं आणि देवीचं बोलणं जवळजवळ बंद होतं. पूजा चुकत नव्हती. सकाळी दिवा लावायचे, हळदकुंकू वाहायचे, पण रुसलेल्या सुनेने सासूपुढे चहाचा कप ठेवावा आणि मुकाट्याने वळावं, तसं सगळं चाललं होतं. काळूबाई माझ्या माहेरची, साताऱ्याकडची. लग्नात आईने तिची तसबीर कापडात गुंडाळून माझ्या ट्रंकेत ठेवली आणि सांगितलं होतं, "अडचण आली की हिला सांग, दुसऱ्या कुणाला सांगू नको." मालक वाशीच्या बाजारात माथाडी. नव्वदीच्या सुरुवातीला आम्हाला कोपरखैरण्यात घर मिळालं, तेव्हा आजूबाजूला अर्ध्या इमारती बांधून व्हायच्या होत्या. सामान लावायच्या आधी मी तसबीर लावली. एवढी वर्षं आईचं ऐकून मी अडचणी सांगत आले आणि तिच्या परीने देवी ऐकत आली. बिनसलं ते माझ्या अडचणीवरून नाही, चांगुणाआत्याच्या.

आमच्या भागात एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली तसं आम्हा चार बायकांना त्यांनी हाताशी धरलं. काम असं की घरोघरी जायचं आणि विचारायचं, घरात कुणी म्हातारं-कोतारं, अपंग, अंथरुणाला खिळलेलं आहे का? असेल तर त्याला अंघोळ घालायची, जखम असेल तर धुवायची, नखं काढायची, आणि हे सगळं करता करता डोळे उघडे ठेवायचे. पोटभर जेवण मिळतंय का, अंगावर वळ आहेत का, माणूस कुणाला बघून दचकतं का. सिस्टरचा नियम एकच होता. भांडायचं नाही. "तुम्ही भांडलात की त्यांच्या घराचं दार बंद होतं, आणि दार बंद झालं की आतलं माणूस आपल्याला मेल्यासारखंच," असं त्या म्हणायच्या. माझ्यासारख्या तिखट जिभेच्या बाईला हा नियम पाळणं म्हणजे रोजचा उपवासच होता.

आमच्या वसाहतीला लागून खाडीच्या अंगाला जुनं आगऱ्यांचं गाव. शेती आणि मिठागरं गेली, त्या जागी सिमेंटची दोन-तीन मजली घरं उभी राहिली होती. त्यातल्या एका घरात वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची आजारी आई बघायला मी गेले होते. जिना उतरताना खालच्या मागच्या खोलीतून रेडिओचा मोठा आवाज येत होता आणि त्या आवाजाच्या खालून कुणीतरी सारखं पुटपुटत होतं. मी दार वाजवलं. घरमालक हरेशची बायको सुरेखा नुकतीच तुर्भ्याच्या कारखान्यातून आली होती, खांद्यावरची पर्सही काढली नव्हती. मी विचारलं तेव्हा आधी म्हणाली, "कोन नाय." मग माझ्या हातातली मलमपट्टीची पिशवी बघितली आणि काय वाटलं कोण जाणे, बाजूला सरली.

आत कॉटवर चांगुणाआत्या होती. हरेशच्या बापाची बहीण, मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला, जन्म माहेरी काढलेला. अंगात नुसती हाडं उरली होती. पाठीला जखम झाली होती. जुन्या साडीची पट्टी फाडून एक टोक तिच्या घोट्याला आणि दुसरं कॉटच्या पायाला बांधलं होतं. खिडकीला जाळी होती आणि त्या खिडकीकडे तोंड करून आत्या सारखी काहीतरी पुटपुटत होती. "डोक्यानं गेली," सुरेखा म्हणाली. "मी ड्यूटीवर, हे कुठं असतात देवाला ठाव. मागं ती उठली, गॅस उघडा ठेवला, मग पडली. सांग ताई, मी काय करू? बांधली नाय तर घर पेटवंल." ती हे रागाने म्हणाली नाही. थकून म्हणाली. मला तिची दया आली आणि म्हातारीच्या पायाकडे बघून हातही शिवशिवला. पण नियम आठवला. मी पाणी गरम करायला सांगितलं.

त्यानंतर मी दिवसाआड जायला लागले. मी गेले की सुरेखा पट्टी सोडायची. मी जखम धुवायचे, पेज भरवायचे, केस विंचरायचे. आत्याचं पुटपुटणं काही थांबायचं नाही. घास तोंडात गेला की तेवढ्यापुरती गप्प, गिळला की पुन्हा सुरू. मला त्यातलं काही कळत नव्हतं. एक तर त्यांची बोली वेगळी, त्यात दात नाहीत. मी ते भ्रमातलं बोलणं समजत होते आणि लहान मुलाला करतात तशी "हो गं, हो" करत होते. एकदा मात्र तिने माझा हात धरला आणि स्वच्छ विचारलं, "आयली का गो सगली?" मी विचारलं, कोण सगळी? ती हसली आणि परत खिडकीकडे वळली.

मग एका भेटीत तिच्या दंडावर बोटांचे निळे ठसे दिसले. सुरेखाने मान खाली घातली. हरेश रात्री पिऊन आला होता. आता मात्र सिस्टर म्हणाल्या, हे कळवायलाच हवं. आम्ही दोघी चौकीवर गेलो. हवालदार भला माणूस होता, पण "घरगुती मामला आहे" म्हणत तो आला तो हरेश घरी असतानाच, आणि हरेशला शेजारी उभं करूनच त्याने म्हातारीला विचारलं, "आजी, हा मारतो का?" पायाची पट्टी तेवढी त्यांनी आधीच सोडून ठेवली होती. चांगुणाआत्याने पुतण्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माजं पोर चांगलं हाय." संपलं. हवालदार गेला आणि आमच्यासाठी ते दार बंद झालं. भांडण न करताच बंद झालं, याचं मला जास्त वाईट वाटलं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं, असं म्हणून मी घरी पाय आपटले, पण रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात गेले तर खिडकीवर आतून प्लायवूड ठोकलेलं. सुरेखा दारातच म्हणाली, "आत्याला मोऱ्याला पाठवली. भाचीकडं. हवापालट." माझ्याकडे बघत नव्हती. आत रेडिओ मोठ्याने लागलेला होता.

त्या दिवसापासून माझा देवीशी अबोला. मी तिला म्हटलं, तू डोंगरावर बसून सगळं बघतेस म्हणतात, मग बघतेस तरी काय? एका म्हातारीच्या पायातली चिंधी तुला सोडवता येत नाही? नवरा म्हणाला, "दुसऱ्याच्या घरात किती शिरशील? तूच एकटी आहेस का जगात?" त्याचं चूक नव्हतं. पण हाताला तिच्या पाठीची जखम आठवायची. धुतल्याशिवाय ती वाढणार, हे मला माहीत होतं. अशा जखमेने माणूस जातं, हेही सिस्टरने शिकवलं होतं.

शेवटी राहवलं नाही. वाशीहून उरणची बस धरली आणि पुढे रिक्षाने मोऱ्याला गेले. धक्क्याजवळच्या वस्तीत विचारत विचारत भाचीचं, यमुनाचं घर सापडलं. ती जाळं विणायला बसलेल्या नवऱ्याला चहा देत होती. मी आत्याचं नाव घेतलं तशी तिचा चेहरा उजळला आणि माझा उतरला, कारण ती म्हणाली, "मावशीला आनलीस काय संगं?" आत्या इथे आलीच नव्हती. दोन वर्षांत यमुनाने तिला पाहिलं नव्हतं. बघायला गेली की हरेश म्हणायचा, झोपली आहे, डॉक्टरने बोलायला मना केलंय. मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. यमुना रडायला लागली. माझ्या मनात आलं ते मी बोलले नाही. म्हातारी कॉटवर आहे की कुठे आहे, आहे तरी का?

परत निघाले तेव्हा पाय भरून आले. भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच सुटायची होती, माणसांची गडबड होती. बाजूला बायका सुकट निवडत होत्या, त्यांच्या टोकाला एक वयस्क बाई बसली होती. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी तिच्याजवळच टेकले आणि पदराने डोळे पुसले. तिने सूप न थांबवता विचारलं, कोण हरवलं? मला इतकं भरून आलं होतं की अनोळखी बाईला मी सगळं सांगून टाकलं. गावाचं नाव घेतलं, आत्याचं घेतलं.

"चांगुना?" ती म्हणाली. "धवलारीन ती. तिच्याबिगर तिकडच्या गावांत मांडव उभा र्‍हायचा नाय. तिला घरात कशाला शोधतंस? लग्नाचा घर शोध. मांडव जिथं, धवलारीन तिथं."

धवलारीण म्हणजे आगऱ्या-कोळ्यांच्या लग्नात धवळे गाणारी बाई, एवढं मला ऐकून माहीत होतं. भटजीच्या आधी तिचा मान. मांडवाच्या दिवशी ती गाण्यातून देवांना आवतण देते. गावदेवीला, एकवीरेला, खाडीतल्या, बांधावरच्या, वेशीवरच्या एकेका देवाला नाव घेऊन बोलावते, आणि सगळे आले की मग लग्न लागतं. मी तिथेच बसून राहिले. "आयली का गो सगली?" म्हातारी कुणाबद्दल विचारत होती ते मला त्या सुकटीच्या वासात बसून कळलं. मी जिला भ्रमिष्ट समजत होते ती बाई दिवसभर देवांना बोलावत होती. पायाला चिंधी बांधलेली, पाठ सडत चाललेली, आणि तिचं आवतण चुकत नव्हतं. मी मात्र एका फटक्यात देवीशी बोलणं टाकून बसले होते.

बसमध्ये मी पहिल्यांदा मनापासून देवीशी बोलले. मागणं असं काही केलं नाही. म्हटलं, माझी अक्कल संपली आई. चौकी झाली, मोरा झाला. आता मी तुझ्या मागे चालते, तू पुढे हो. एवढं म्हणून मला झोप लागली, ती वाशीला कंडक्टरने उठवेपर्यंत.

गावात शिरले तर हरेशच्या घरामागच्या अंगणात बांबू पडलेले. मागच्या घरात लग्न होतं, दोन दिवसांनी मांडव. त्या घरच्या वरमाईला मी ओळखत होते, तिच्या सासऱ्यांची शेवटची सेवा आम्ही केली होती. तिला विचारलं, तुमच्याकडे धवळे कोण गाणार? ती म्हणाली, ठकूबाय, चांगुणाआत्याच्या हाताखाली तयार झालेली.

ठकूबाय पन्नाशीची, आडव्या अंगाची, फार न बोलणारी. मी तिला सांगितलं की तुमची चांगुणाआत्या मोऱ्याला नाही, मी जाऊन आले. ती पानाला चुना लावत होती. तिचा हात थांबला. "मना तर सुरेखा बोलली, मोऱ्याला हाय," ती म्हणाली. काय करायचं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सिस्टरला सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "गरम पाण्याची सोय आणि ड्रेसिंगचं सामान घेऊन मांडवात बसू. बाकी त्यांचं त्यांना करू दे."

मांडवाच्या दिवशी सकाळी बँडवाल्यांना थांबवलं, लाउडस्पीकर बंद केला. उंबराची फांदी आली, बायका जमल्या. शेजारचंच कार्य म्हणून सुरेखा नवी साडी नेसून येऊन बसली होती. हरेश बाहेर मुंडावळ्या-हारांच्या गडबडीत. ठकूबाय पाटावर बसली. तिची पाठ लोकांकडे होती आणि तोंड हरेशच्या घराच्या मागच्या भिंतीकडे, जिथे ती प्लायवूडची खिडकी होती. तिने सुरू केलं. एकेक देवाचं नाव, एकेकाला बोलावणं. मधेच एका नावापाशी ती थांबली. बायकांना वाटलं, श्वास घेते. ती थांबूनच राहिली. एक बाई पाणी आणायला उठली.

आणि भिंतीपलीकडून पुढचं नाव आलं.

आवाज चिरका होता, दोऱ्यासारखा बारीक, पण सूर चुकला नव्हता. एक नाव झालं, दुसरं झालं. मिठागराच्या बांधावरचा देव झाला. त्या दिवशी रेडिओ बंद होता. सगळा मांडव ऐकत होता. म्हाताऱ्या बायांनी पदर डोक्यावर घेतले. मला रडू आवरेना. ती जिवंत होती, मला तेवढंच सुचत होतं. पुढे कधीतरी मी ठकूबायला विचारलं, तू विसरलीस की मुद्दाम थांबलीस? ती म्हणाली, "तोंड सुकला माजा." यापलीकडे तिने कधी काही सांगितलं नाही.

गाणं संपलं तशी ठकूबाय उठली. तिने वरमाईच्या हातून मानाचं ताट घेतलं. त्यात नारळ, हळदकुंकू, लुगडं. त्यांच्यात अशी रीत की थोरली धवलारीण गावात असताना तिला ताट दिल्याशिवाय धाकटीने पुढे गायचं नाही, आणि लग्नघरचं ताट दारात आलं की ते परत पाठवायचं नाही. परत पाठवणाऱ्या घरच्या लग्नाला उद्या गाव फिरकत नाही. ताट घेऊन बायका निघाल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. सुरेखाच्या समोर ठकूबाय उभी राहिली आणि म्हणाली, "सुरेखा, मान हाय आत्याचा. दार उघड."

जे दार खाकी कपड्यापुढे बंद झालं होतं, ते नारळापुढे उघडलं. किल्ली सुरेखाच्या पदराला होती, ती सोडून तिने कुलपाला लावली. उघडल्यावर ती उंबऱ्यातच बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मला वाटतं, तिला कुणीतरी यायला हवंच होतं. हरेश आला, दारूने डोळे लाल, आणि समोर आपल्या गावच्या सगळ्या आयाबाया बघून बाजूला सरला.

आतला वास सांगत नाही. सिस्टर आणि मी पुढे झालो. पायाची चिंधी ठकूबायने दाताने सोडली. गरम पाणी मांडवातल्या चुलाणावरून आलं, नवऱ्या मुलासाठी तापवलेलं. आम्ही तिला धुतली, जखम बांधली, मानाचं लुगडं नेसवलं, खुर्चीत बसवून मांडवात आणली. सिस्टर म्हणत होत्या, आधी हॉस्पिटल. आत्या म्हणाली, "लगीन टाकून कुठं नेतंस?" शेवटी नवरदेवाला हळद लावेपर्यंत थांबलो आणि मग लग्नाच्याच गाडीतून तिला वाशीला नेली. जखम भरायला फार दिवस लागले.

ती परत त्या खोलीत गेली नाही. ठकूबायच्या ओटीवर तिची खाट पडली, यमुना मोऱ्याहून येऊन राहायची, गावातल्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या. सुरेखाही ड्यूटीवरून येताना तिच्यासाठी बोंबलाचं कालवण आणायची आणि तिथे बसल्यावर तिचा चेहरा मोकळा दिसायचा. मी एकदा न राहवून आत्याला विचारलं, त्या दिवशी हवालदाराला खोटं का सांगितलंस? ती म्हणाली, "पोर माजंच हाय गो. त्याला धरून नेला तर मंग कंच्या तोंडानं गानार मी?" मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पुरतं पटत नाही. पण तिची माया माझ्या पटण्यासाठी थांबलेली नव्हती.

त्या सुकट निवडणाऱ्या बाईला भेटायला मी पुन्हा मोऱ्याला गेले होते. साडीचोळी घेऊन गेले होते. ती दिसली नाही. यमुनाला खुणा सांगितल्या तर ती म्हणाली, "धक्क्यावर पन्नास बाया बसतात, कोन म्हनून सांगू?" मी साडीचोळी तिथल्या देवीच्या देवळात ठेवून आले. असेल कुणी कोळीण. देवीला तरी माणसाच्याच हाताने सूप धरावं लागतं ना.

आत्या गेली ती दुसऱ्या वर्षी, झोपेत, स्वच्छ अंथरुणावर. त्याआधी एकदा मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा तिने विचारलं, "तुजी देवी कंची गो? घाटावरची?" मी सांगितलं, काळूबाई, मांढरच्या डोंगरावरची. ती नुसतीच "हं" म्हणाली.

आता मी पूर्वीसारखीच काम करते. दारं वाजवते, चौकीवर जाते, कधी दार उघडतं, कधी नाही. पूर्वी वाटायचं, मी केलं तरच होईल. आता मला वाटतं, हाक मारत राहणं आपलं, येणं त्यांचं. पायाला चिंधी असली तरी हाक मारता येते, हे मला एका बिनदाताच्या म्हातारीने शिकवलं. देवीशी अबोला धरणं मी सोडलं आहे. भांडते, पण बोलते.

आत्या गेल्यानंतरच्या पहिल्या लग्नात ठकूबाय गायला बसली. गावदेवी झाली, एकवीरा झाली, खाडीतला झाला, बांधावरचा झाला. मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात तिने अजून एक नाव घेतलं, जे त्या गावात कुणी कधी घेतलं नव्हतं. घाटावरच्या काळूबायला तिने आवतण दिलं. आत्याने जाता जाता शिकवून ठेवलं होतं. मी पदर डोक्यावर घेतला आणि खाली बसले.